गोड बंद, दोन वेळा ब्रश, तरी दात किडतायत: लाळेच्या आम्लतेचा संबंध किती?

आंबेमोहोर (मूळ धागा)

नमस्कार मंडळी,

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. मधुमेह निघाल्यापासून साखर, मिठाई सगळं बंद. सकाळ-रात्र ब्रश करतात. तंबाखू-सुपारीला कधी हात लावलेला नाही. तरीही गेल्या दीड-दोन वर्षांत त्यांचे दात एकापाठोपाठ एक किडतायत. तेही चावायच्या बाजूला नाही, तर हिरडीला लागून, मुळापाशी. दातांच्या डॉक्टरांनी काही ठिकाणी सिमेंट भरलं, एका दाढेचं रूट कॅनाल केलं आणि जाता जाता म्हणाले, "काकांची लाळ कमी झालीय, आम्लधर्मी पण आहे." बाहेर पेशंटची रांग होती, जास्त विचारता आलं नाही.

घरी येऊन मी पीएच मोजायच्या पट्ट्या मागवल्या. सकाळी उठल्या उठल्या बाबांच्या लाळेचा रंग ६ च्या आसपास येतो, जेवल्यानंतर कधी ७ येतो. यातलं खरं कुठलं धरायचं? शाळेत 'सामू' शिकलो होतो तेवढंच आठवतं. एका नातेवाइकांनी 'अल्कलाइन वॉटर'च्या बाटल्या लावायला सांगितल्यात. महिन्याचा खर्च बराच आहे, पण फायदा होणार असेल तर करायची तयारी आहे. व्हॉट्सअॅपवर तर लाळ आंबट म्हणजे सगळं शरीर आंबट, आणि तिथून मधुमेह ते कॅन्सर सगळं होतं, असं फिरतंय.

लाळेची आम्लता खरंच एवढी महत्त्वाची असते का? ती बदलता येते का? जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावं.

वाफाळता_चहा

वाचतोय. आईच्या बाबतीत अगदी हेच चाललंय.

लिटमस

मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे दातांबद्दल नाही, पण पट्टीबद्दल बोलू शकतो.

६ आणि ७ मध्ये एकाचाच फरक दिसतो, पण ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. ६ म्हणजे ७ पेक्षा दहापट आम्ल, ५ म्हणजे शंभरपट. म्हणून छोट्या आकड्यांना कमी लेखू नका. मात्र पट्टीचा रंग डोळ्यांनी जुळवताना अर्ध्या आकड्याची चूक सहज होते, हेही लक्षात ठेवा.

दुसरं, लाळेत कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. वाटीत थुंकून मग सावकाश पट्टी बुडवली, तर तेवढ्यात तो उडून जातो आणि पीएच आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. पट्टी थेट जिभेखाली लावा, लगेच रंग बघा.

तिसरं, तुमची दोन्ही मोजमापं खरी आहेत. निरोगी माणसाची लाळ साधारण ६.२ ते ७.६ मध्ये कुठेही असू शकते. लाळेची आम्लता सांभाळण्याचं मुख्य काम बायकार्बोनेट करतं, म्हणजे खायच्या सोड्यात असतं तेच. ग्रंथीतून लाळ संथ येत असते तेव्हा तिच्यात बायकार्बोनेट कमी असतं. चावायला सुरुवात केली की लाळ भराभर सुटते आणि तिच्यात बायकार्बोनेटही वाढतं. म्हणून जेवताना आकडा वर, पहाटे खाली. झोपेत लाळ जवळजवळ थांबतेच.

आणि 'शरीर आंबट' वगैरे प्रकार सोडून द्या. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरून ठेवतात. लिंबू खाल्ल्याने तो खाली जात नाही आणि महागडं पाणी प्यायल्याने वर जात नाही. लाळेवरून रक्ताची आम्लता कळत नाही.

चिगळी

लिटमस सर, मस्त समजावलंत. मग कैरी किंवा चिंच खाल्ली की दात आंबतात, पोळीसुद्धा चावता येत नाही, ते काय असतं? लहानपणी चिंचेत गूळ-मीठ-जिरं कुटून काडीला लावायचो. दुपारभर एकच चिगळी पुरवायची म्हणून हळूहळू चोखायची. दुसऱ्या दिवशी भाकरी आमटीत बुडवूनच खावी लागायची!

अक्कलदाढ

मी दंतवैद्य आहे. धागा बघून राहवलं नाही. थोडं लांबेल.

दातांचं मुख्य खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. वरच्या एनॅमलमधले स्फटिक साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतात. मुळावर एनॅमल नसतं. तिथे सिमेंटम आणि त्याखाली डेंटिन असतं, आणि ते ६.२ ते ६.७ च्या दरम्यानच सुटू लागतं. वयानुसार हिरड्या मागे सरकल्या की मूळ उघडं पडतं. म्हणजे तरुणपणी ज्या आम्लतेने काही बिघडत नव्हतं, तीच आता मुळाला पोखरते. आंबेमोहोर, तुमच्या बाबांची कीड नेमकी हिरडीलगत का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता दुसरी गोष्ट, जी पट्टीवर कधीच दिसत नाही. कीड लाळेच्या आम्लाने लागत नाही. दातावर जो चिकट थर साचतो, प्लाक, त्यातले जंतू साखर आणि पिष्टमय पदार्थ आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करतात. ते आम्ल थराच्या खाली, दाताला चिकटून असतं. तोंडातली लाळ ७ असताना दोन दातांच्या फटीत ४.५ असू शकतो. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने अँटिमनीचे बारीक इलेक्ट्रोड थेट त्या थरावर लावून हे मोजलं. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच पीएच धाडकन खाली येतो, आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. त्या आलेखाला आजही आम्ही स्टीफन कर्व्ह म्हणतो.

तो आलेख वर कोण आणतं? लाळ. तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, प्रवाह उरलेली साखर धुऊन नेतो, आणि पीएच वर आल्यावर लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा दातात जाऊन बसतं. खरं तर लाळेत ही खनिजं इतकी असतात की ती आपोआप दगडासारखी साचायला हवीत. स्टॅथेरिनसारखी काही प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. दात रोज थोडे झिजतात आणि रोज थोडे भरून येतात. कीड लागते ती हा हिशेब रोज तोट्यात राहिला की. म्हणून मी पेशंटला आकडा विचारत नाही. लाळ किती येते आणि तोंड दिवसातून किती वेळा, किती वेळ आंबट राहतं, हे विचारतो.

@चिगळी, दात आंबणं ही वेगळी गोष्ट. तिथे जंतूंचा संबंध नाही. चिंचेचं टार्टरिक आम्ल किंवा कैरी-लिंबाचं सायट्रिक आम्ल दाताचा पृष्ठभाग थेट मऊ करतं आणि डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्यांची तोंडं उघडी पडतात. मग चावलं, गार लागलं की कळ जाते. याला आम्ही झीज म्हणतो, कीड नाही. एखाद-दुसऱ्या दिवसात लाळ ते बरंचसं सावरते. हाच प्रकार रोज, वर्षानुवर्षं झाला की दात आखूड, पिवळे आणि कडेला पारदर्शक व्हायला लागतात.

आंबेमोहोर, मला दोन गोष्टी कळवा. बाबा रोज कोणकोणती औषधं घेतात? आणि त्यांच्या खिशात काय असतं?

रानपाखरू

खिशात काय असतं?! डॉक्टर, तुम्ही दातांचे की गुप्तहेर खात्यातले? :)

भीमाकाठ

माझी आजी नव्वदीपर्यंत जगली. दिवसातून पाच-सहा पानं खायची, चुना-कात-सुपारी सगळं. एक दात किडला नव्हता. चुना तर पक्का अल्कली. मग जुन्या लोकांना हे आधीच कळत होतं असं म्हणायला काय हरकत आहे? आम्लावर अल्कली, साधा हिशेब.

अक्कलदाढ

@भीमाकाठ, आजीबाईंचं निरीक्षण खोटं नाही. पान चघळताना लाळ भरपूर सुटते, चुन्यामुळे तोंडाचा पीएच वर जातो, आणि नियमित पान खाणाऱ्यांत कीड तुलनेने कमी दिसते, हे आम्हीही बघतो. पण त्याच आजींच्या दातांच्या आतल्या बाजूला दगडी थर असणार. लाळ अल्कधर्मी झाली की कॅल्शियम साचून टार्टर वाढतं, हिरड्या सुटतात आणि न किडलेला धडधाकट दात हलून हातात येतो. आणि सुपारीबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्ट लिहिलंय: तंबाखू नसली तरी सुपारी माणसात कर्करोग घडवते. चुन्याच्या संगतीने सुपारीतली घातक द्रव्यं आणखी मोकळी होतात. तेव्हा 'आम्ल वाईट, अल्कली चांगलं' हे समीकरण इथेच तुटतं.

भीमाकाठ

सुपारीचं मान्य. सुपारी वगळून नुसतं विड्याचं पान, बडीशेप, लवंग?

अक्कलदाढ

खुशाल. जेवणानंतर भाजलेली बडीशेप चावणं चांगलंच, लाळ सुटते. फक्त ती रंगीत साखरेत घोळवलेली नको.

रात्रपाळी

मी कर्करोग रुग्णालयात परिचारिका आहे. लाळेची किंमत आमच्याकडे येऊन बघा.

गुटखा-मावा खाणारे, जबड्याचा किंवा जिभेचा कॅन्सर झालेले रुग्ण रेडिएशनसाठी येतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आमच्या वॉर्डात मात्र खाटा रिकाम्या नसतात. त्या किरणांच्या वाटेत लाळग्रंथी येतात. काही आठवड्यांत लाळ घट्ट, दोरीसारखी होते आणि मग जवळजवळ आटते. घास गिळवत नाही, बोलताना जीभ टाळूला चिकटते. आणि दात! ज्यांना कधी कीड माहीत नव्हती त्यांचे दात वर्षभरात हिरडीपाशी गोल कापल्यासारखे तुटतात. म्हणून रेडिएशनच्या आधी दंतवैद्याकडून तपासणी करून, वाचणार नाहीत असे दात काढून घेतले जातात. नंतर काढले तर जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही.

घरात कोणाला तोंडाचं किंवा घशाचं रेडिएशन ठरलं असेल तर कृपा करून दातांची तपासणी पुढे ढकलू नका. 'आधी मोठा आजार, दातांचं नंतर बघू' असं म्हणणारे नातेवाईक आम्हाला रोज भेटतात. खूप जीव तुटतो.

वाफाळता_चहा

रात्रपाळी ताई, काटा आला अंगावर. हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

सोलकढी

विषय गंभीर आहे, पण माझ्या आयडीचा प्रश्न असल्याने विचारते. आम्ही गोंयकार. रोजच्या जेवणात आमसुलं, कोकमाचा आगळ, हुमणात आंबट. हे सगळं बंद करायचं का?

अक्कलदाढ

अजिबात नाही. जेवणात आंबट खाताना तुम्ही भात चावत असता, लाळ वाहत असते, सोबत बाकीचं अन्न असतं. वाटीभर सोलकढी पिऊन उठलात, विषय संपला. धोका असतो तो तीच गोष्ट बाटलीत भरून तासभर घोट घोट घेण्यात.

दही-ताकाबद्दलही लोक घाबरतात. दही आंबट आहे, पीएच ४ ते ४.५. पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की दातातलं खनिज बाहेर यायला वावच राहत नाही. लिंबूपाण्यात तसं काही नसतं. आंबटपणा सारखा असूनही परिणाम वेगळा. बिनसाखरेचं ताक निर्धास्त प्या.

फिटनेसवेडी

मी रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेते आणि लगेच ब्रश करते, म्हणजे आंबट निघून जातं. बरोबर ना?

अक्कलदाढ

उलट करा. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.६. त्याने एनॅमलचा वरचा थर काही काळ मऊ पडतो, आणि त्याच क्षणी तुम्ही ब्रश फिरवता. आधी ब्रश, मग लिंबूपाणी, आणि तेही एका दमात पिऊन वर साध्या पाण्याची चूळ. आंबट खाऊन ब्रश करायचाच असेल तर अर्धा-एक तास जाऊ द्या. आपल्याकडे उठल्याबरोबर दात घासून मग चहा-नाश्ता करायची रीत आहे, ती या बाबतीत चांगली आहे.

आणि मध म्हणजे दातांच्या लेखी साखरच. गूळही. काकवीही. जंतू सेंद्रिय आहे का म्हणून विचारत नाहीत.

नवी_आई

मला पाचवा महिना आहे. अजून उलट्या होतात आणि उलटी झाली की मी लगेच घासघासून ब्रश करते, तोंडाची चव जावी म्हणून. वरचं वाचून भीती वाटली.

अक्कलदाढ

घाबरू नका, सोपं आहे. पोटातलं आम्ल १ ते २ पीएचचं असतं, म्हणून उलटीनंतर लगेच ब्रश नको. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्याने चूळ भरा आणि थुंकून टाका, प्यायचा नाही. ब्रश तासाभराने. ज्यांना जुनी अॅसिडिटी आहे, रात्री आंबट पाणी घशाशी येतं, त्यांनीही हेच करावं. त्यांच्या वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू गुळगुळीत झिजलेली असते. आरशात दिसत नाही, आम्हाला मात्र पहिल्या नजरेत दिसते. कितीदा तरी पित्ताचा त्रास आधी दातांवरून कळतो.

कारखानदार_नव्हे

झीज म्हणताय त्यात भर घालतो. माझे मामा पिंपरीत प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये अनेक वर्षं होते. आम्लाच्या टाक्यांवर काम, वाफा थेट तोंडावर. त्यांचे पुढचे दात निम्मे झिजले होते, ओठ झाकतात तेवढा भाग शाबूत. मालकाने मास्क कधी दिला नाही, आणि दात म्हणजे काय 'वयाने जातात' असं सांगून बोळवण केली. अशा ठिकाणी, किंवा बॅटरीच्या कारखान्यात काम करणारे कोणी वाचत असतील तर दातांची तपासणी करून घ्या, नोंद ठेवा.

रानपाखरू

मला आठवतं, साखर आणि दातांवर स्वीडनमध्ये फार मोठा प्रयोग झाला होता. नाव विसरलो.

लिटमस

विपेहोल्म. लुंड शहरातली, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची संस्था. १९४५ नंतर काही वर्षं तिथल्या रहिवाशांना वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली. काहींना जेवणासोबत, काहींना मधल्या वेळात चिकट टॉफ्या. निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांत कीड थोडीच वाढली, मधल्या वेळात टॉफी खाणाऱ्यांत प्रचंड. म्हणजे किती साखर यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट. अक्कलदाढ यांनी वर जे सांगितलं त्याचा पुरावा हाच. पुढे स्वीडनमध्ये मुलांना खाऊ फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुजली, तिचं मूळही इथेच.

रात्रपाळी

त्या माणसांना कोणी विचारलं होतं का? ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांचे दात मुद्दाम किडवायचे आणि त्यावरून जगाने शिकायचं? हा प्रयोग सांगताना ही बाजूही त्याच दमात सांगितली पाहिजे असं मला वाटतं.

लिटमस

पूर्ण सहमत. त्यांची संमती नव्हती. आज अशा प्रयोगाला कुठलीही नैतिकता समिती उभं करणार नाही, आणि स्वीडनमध्येही त्यावर कठोर टीका झाली. वर्गात शिकवताना मी हे सांगतो, इथे आधीच लिहायला हवं होतं.

वऱ्हाडी_ठेचा

सगळं झालं, आता फ्लोराइडवर बोला. आमच्या यवतमाळकडे कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पोरांचे दात तपकिरी, म्हाताऱ्यांची हाडं आखडलेली. आणि टीव्हीवर सांगतात फ्लोराइडची पेस्ट वापरा. हे काही पटत नाही बाप्पा.

अक्कलदाढ

तुमचा राग रास्त आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतलं पाणी मोठा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्याच्या वर वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात आणि हाडं दोन्ही बिघडतात. दातांवरचे डाग लहानपणी, दात हाडात घडत असतानाच ठरतात.

पण पेस्ट पोटात घ्यायची नसते. ती दाताच्या पृष्ठभागावर काम करते. फ्लोराइड बसलेला स्फटिक ५.५ ऐवजी साधारण ४.५ पर्यंत तग धरतो. म्हणजे लाळ कमी असलेल्या माणसाला तेवढी जास्तीची सवलत मिळते. आपल्याकडे पेस्टमध्ये कमाल १००० पीपीएमची (दहा लाख भागांत हजार भाग) मर्यादा आहे. लहान मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, समजत्या मुलांना वाटाण्याएवढी, आणि गिळू द्यायची नाही. तुमच्या भागात पाण्याची तपासणी करून मगच डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा, सरसकट सल्ला मी देणार नाही.

मोठ्यांसाठी एक सूचना: ब्रश झाल्यावर फेस थुंका, पण पाण्याने खळखळून चुळा भरू नका. पेस्ट दातांवर थोडा वेळ राहू द्या.

वऱ्हाडी_ठेचा

हे समजलं. पण सरकारने आधी पाणी नीट करावं, यावर मी ठाम आहे.

जर्सीकर

न्यू जर्सीहून. माझ्या सासूबाईंना श्योग्रेन्स आहे (डोळे-तोंड कोरडं पडण्याचा आजार). इथे त्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ५००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट देतात. औषधांच्या दुकानात कोरड्या तोंडासाठी जेल, स्प्रे मिळतात. त्यांना सगळ्यात उपयोग झाला तो झायलिटॉलच्या (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) च्युइंगगमचा. जंतूंना ते आंबवता येत नाही आणि चघळून लाळही सुटते. जेवणाच्या शेवटी चीजचा तुकडा खायलाही सांगितलंय.

घरात कुत्रा असेल तर एक काळजी: झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं. डबी उंचावर ठेवा.

आंबेमोहोर

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. अक्कलदाढ डॉक्टर, तुम्ही विचारलेलं आईच्या मदतीने शोधून काढलं.

औषधं: मधुमेहाची, रक्तदाबाची (त्यात लघवी वाढवणारी एक आहे), लघवी आवरत नाही म्हणून गेल्या दोन वर्षांपासून रात्रीची एक, आणि शिंका येतात म्हणून अॅलर्जीची, जी ते स्वतःच दुकानातून आणतात.

खिशात: खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या आणि मीठ लावून वाळवलेला आवळा. घसा कोरडा पडतो म्हणून सतत काही ना काही तोंडात असतं. उशाशीही डबी असते. आईला वाटायचं आवळा चांगलाच. साखर बंद म्हणून चहा बिनसाखरेचा, पण प्रत्येक चहाबरोबर मारी बिस्किटं.

रानपाखरू

म्हणजे खिसा खरंच महत्त्वाचा निघाला. डॉक्टर, दंडवत घ्या.

अक्कलदाढ

हेच वाटलं होतं. आता एकेक जोडून बघा.

लघवी आवरायच्या गोळ्यांचा एक मोठा गट लाळग्रंथींना मिळणारा मज्जातंतूंचा संदेशच अडवतो. अॅलर्जीच्या जुन्या गोळ्याही तेच करतात. लघवी वाढवणारं औषध आणि चढलेली साखर शरीरातलं पाणी कमी करतात. चारही मिळून तोंड कोरडं. तोंड कोरडं म्हणून गोळी चघळायची. त्या गोळ्यांत बहुतेक वेळा साखर असते. आवळ्याने लाळ सुटते हे खरं, पण ग्रंथी थकलेल्या असल्या की ते आम्ल निवळायला पुरेशी लाळच येत नाही. बिस्किटाचा लगदा मुळांच्या खाचेत बसून राहतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उशाशी ठेवलेली डबी, कारण रात्री लाळ नसतेच. स्टीफनचा आलेख खाली जातो आणि सकाळपर्यंत वर येत नाही. तुमच्या पट्टीवरचा पहाटेचा ६ हा त्याचाच एक कोपरा आहे.

घरी एक तपासणी करता येईल. सकाळी, काही न खाता, बाबांनी मान पुढे करून शांत बसायचं, न चघळता, न थुंकता, लाळ नुसती मापाच्या कपात गळू द्यायची. पाच मिनिटांत साधारण दीड मिली यायला हवी. अर्ध्या मिलीपेक्षा कमी आली तर ग्रंथी खरंच मंदावल्यात. हा आकडा पट्टीच्या रंगापेक्षा कितीतरी कामाचा आहे, तो लिहून दंतवैद्याला द्या.

करायचं काय: कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका. चिठ्ठी घेऊन लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि सरळ सांगा की तोंड कोरडं पडून दात जातायत. लघवीसाठी दुसऱ्या गटातली औषधं आहेत, त्यांनी तोंड इतकं कोरडं होत नाही. अॅलर्जीची गोळी रोज लागते का, हेही त्यांनाच ठरवू दे. चघळायच्या गोळ्या आणि आवळा बंद, त्याऐवजी साध्या पाण्याचे घोट किंवा साखरविरहित गम. बिस्किट खायचंच तर जेवणाबरोबर. दातांच्या डॉक्टरांना फ्लोराइड वार्निशबद्दल (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) विचारा. नव्याने सुरू झालेल्या किडीवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडही लावता येतं; कीड थांबते, पण जागा काळी पडते. मागच्या दातांना ते चालून जातं.

आंबेमोहोर

आणि अल्कलाइन वॉटर?

लिटमस

ते पाणी तोंडात किती वेळ असतं? दोन सेकंद. गिळलं की पोटात १ ते २ पीएचचं आम्ल वाट बघतंय. तोंड निवळायचंच असेल तर चिमूटभर सोड्याची चूळ त्याहून जोरकस आणि जवळजवळ फुकट आहे. ते पैसे वार्निशसाठी ठेवा.

जर्सीकर

+१

आंबेमोहोर

आज मापून बघितलं. पाच मिनिटांत कपाचा तळ जेमतेम ओला झाला. पहिल्या रेघेपर्यंतही पोचली नाही. बाबा स्वतः बघून गप्प झाले आणि डबी आईकडे दिली. लघवीच्या डॉक्टरांची परवाची वेळ घेतलीय, चिठ्ठ्या सगळ्या एका फाइलीत लावल्यात.

वाफाळता_चहा

आईच्या गोळ्यांची यादी मीही आत्ता काढली. झोप लागत नाही आणि पाय दुखतात म्हणून रात्री एक अॅमिट्रिप्टिलिन आहे. डॉक्टर, हीपण त्यातलीच का?

अक्कलदाढ

हो, तोंड कोरडं करणाऱ्यांत ती वरच्या नंबरात येते. पण अचानक थांबवायची नाही. आईंना दिवसा पाण्याशिवाय कोरडी पोळी गिळता येते का ते विचारा, आणि हिरडीलगत नखाला खरखरीत लागतंय का ते बघा. दोन्हींपैकी काहीही असलं तर याच आठवड्यात दाखवा.